मदत हवी आहे: गडद परीकथेत आसरांची (पाण्यातल्या देवतांची) खूण कुठे पेरावी?

मोठ्यांसाठी सुमारे ४००० शब्दांची गडद परीकथा लिहितेय. काळ जुना, जागा पन्हाळगडावरची अंधारबाव ही विहीर. नवऱ्याच्या तेराव्यानंतर बायकोला कणगीत तीन किल्ल्या सापडतात. बाव तीन मजली, म्हणून मजल्यागणिक एक गुपित: वर कर्ज, मधे त्याचं दुसरं नाव, तळाशी सात आसरांशी केलेला करार. स्वतःची वर्षं देऊन त्यानं तिचं आयुष्य मागून घेतलेलं असतं.

अडचण अशी, की आसरांचं नाव आलं की आपल्याकडचा वाचक करार लगेच ओळखतो. उल्लेख शेवटाकडे ढकलून पाहिला, तर शेवट उपरा वाटतो. प्रथमपुरुषी निवेदनात शोक खरा उतरला, पण शोध मंदावला. दुसरी किल्ली काढली तर तिला नवऱ्याचा राग येतच नाही, आणि रागाशिवाय ते दुःख नुसतं गोडगोड होतं.

शेवट बदलायचा नाही. मांत्रिक, भूत नको. तर आसरांची खूण म्हणून हळदकुंकू वाहिलेले सात दगड पहिल्याच मजल्यावर सहज दिसू द्यावेत, की दुसरं गुपित फुटल्यावर ती रागानं खाली उतरत असताना?