आजी आणि मी एकाच महाविद्यालयात प्रवेश घेत आहोत: कोणती काळजी घ्यावी?

कृष्णाकाठची नात:
नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातील असून यंदा बारावी उत्तीर्ण होऊन तालुक्याच्या महाविद्यालयात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेत आहे. माझी आजी (वय ६४) १९७९ साली बारावी झाली, परंतु निकाल लागण्यापूर्वीच तिचे लग्न ठरले आणि पुढील शिक्षण राहून गेले. आता तिला माझ्याबरोबरच प्रवेश घ्यायचा आहे. गेल्या आठवड्यात आम्ही अर्ज आणायला गेलो आणि दुसरा अर्ज मागितला, तेव्हा खिडकीतल्या लिपिकाने ‘पहिला खराब झाला का?’ असे विचारले. घरी आल्यावर माझ्या अर्जावर पालक म्हणून आजीने सही केली आणि स्वतःचा अर्ज माझ्यापुढे सरकवून ‘आता तू माझी पालक’ असे म्हणाली.

वयाची काही अट आहे का? तिच्या गुणपत्रिकेवर माहेरचे नाव आहे आणि आधार कार्डावर सासरचे, त्याचे काय करावे? शिवाय आम्ही एकच विषय घ्यावा का, याबद्दल घरात दोन मते आहेत. खरे सांगायचे तर, तीन वर्षे मला सगळे ‘आजींची नात’ म्हणूनच ओळखतील, अशी थोडी धास्तीही वाटते.

खडूफळा:
मी महाविद्यालयात शिकवतो आणि प्रवेश समितीवर काम केले आहे. बी.ए.च्या प्रवेशाला कमाल वयोमर्यादा नाही, त्यामुळे त्या बाबतीत निश्चिंत राहा. खरी अडचण नावाची असते. प्रवेश बारावीच्या गुणपत्रिकेवरील नावानेच घ्यावा आणि विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र किंवा नावातील बदलाचे राजपत्र सोबत जोडावे. त्या काळातील बहुतेक विवाहांची नोंदणी झालेली नसते, म्हणून हे काम आजच सुरू करा. क्रेडिट बँकेचे खाते (उत्तीर्ण झालेल्या विषयांची क्रेडिट्स, म्हणजे श्रेयांक, ज्यात जमा होतात ते) सरकारच्या डिजिलॉकरमधून आधारच्या आधारे उघडले जाते आणि नाव किंवा जन्मतारीख जुळली नाही की प्रकरण तेथेच अडते. आजींच्या शाळेच्या दाखल्यावर १ जून ही जन्मतारीख असेल (त्या पिढीतील निम्मा महाराष्ट्र गुरुजींच्या कृपेने १ जूनला जन्मला आहे!) आणि आधारवर दुसरीच असेल, तर आधी ती दुरुस्त करून घ्या. मूळ गुणपत्रिका सापडत नसल्यास दुय्यम प्रत मागवता येते. मात्र कोल्हापूरचे विभागीय मंडळ नंतर झाले आणि १९७९ साली सातारा पुणे विभागात होता, हे ध्यानात ठेवून चौकशी करा. मधल्या वर्षांत अन्यत्र प्रवेश घेतला नव्हता, असे प्रतिज्ञापत्रही मागतात. ४५ वर्षांच्या खंडाचे कारण लिहायला त्यात एकच ओळ असते.

नव्या शैक्षणिक धोरणाचा एक लाभ आजींना निश्चित होईल. पहिल्या वर्षानंतर प्रकृतीमुळे थांबावे लागले, तरी मिळवलेली क्रेडिट्स खात्यात सात वर्षांपर्यंत वैध राहतात, त्यामुळे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. पालकाच्या रकान्याचा बाऊ करू नका, सज्ञान विद्यार्थ्याची स्वतःची सही महत्त्वाची असते.

शेवटचा बाक:
माझे आजोबा एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झाल्यावर माझ्याच वर्गात होते, म्हणून अनुभवाने सांगतो की विषय वेगळे घ्या. आम्ही दोघांनी इतिहास घेतला आणि पहिले सत्र एकाच बाकावर बसलो. परिणामी माझ्या बाजूला कोणी बसेना, आणि मी तास बुडवला की ती बातमी माझ्याआधी घरी पोहोचू लागली. माझी हजेरी लावणे तर दूरच, ‘तो कँटीनमध्ये आहे’ असे त्यांनी एकदा भर वर्गात सांगितले होते. अमेरिकेतील सॅन अँटोनिओ येथे डिसेंबर २०२१ मध्ये ८८ वर्षांचे आजोबा आणि २३ वर्षांची नात एकाच विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात मंचावर आले होते. त्यांचेही विषय वेगळे, अर्थशास्त्र आणि संज्ञापन असे होते.

आजींना अभ्यासापेक्षा लिहिण्याचा त्रास अधिक होईल. आजोबांना सगळे पाठ असे, परंतु तीस वर्षे केवळ हिशेबाचे आकडे लिहिलेला हात दोन तासांच्या पेपरात तिसऱ्या पानावरच आखडत असे. आतापासून रोज घड्याळ लावून दोन पाने लिहायला सांगा. गुडघे दुखत असतील तर परीक्षेची बैठक तळमजल्यावर मिळावी, असा अर्ज सत्राच्या आरंभीच द्या, कारण ऐनवेळी कोणी ऐकत नाही. जोडबाकाच्या कडेची जागा मात्र त्यांनी स्वतःच धरावी. आजोबांसाठी मी रोज दप्तर ठेवून जागा अडवत असे, आणि हेच त्यांना सर्वांत अपमानास्पद वाटत होते, हे मला फार उशिरा समजले.

जुनी वही:
नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून अशाच विद्यार्थ्यांसाठी कार्यरत आहे. रोजची दगदग आणि ७५ टक्के हजेरीची अट हे सारे कशासाठी?

कृष्णाकाठची नात:
सर्वांचे आभार. मुक्त विद्यापीठाचा पर्याय मी आजीला वाचून दाखवला. ‘घरात बसून ४५ वर्षे झाली, आता आणखी घरी बसून शिकायचे नाही,’ असे तिने सांगितले, त्यामुळे तो विषय मिटला. महिला म्हणून तिला एसटीचे तिकीट अर्धेच पडते, हा हिशेब तिने आधीच मांडून ठेवला होता.

ती मराठी आणि मी भूगोल असे मुख्य विषय ठरवले आहेत. सामायिक तासांना आम्ही एकाच वर्गात असू, परंतु एका बाकावर बसणार नाही. विवाह नोंदणीसाठी ग्रामपंचायतीत अर्ज दिला असून लग्नाची पत्रिका देवघरातील पोथीत सापडली. दोन पाने लिहिण्याचा सराव परवापासून चालू आहे. काल बाजारातून तिने शंभर पानी चार आखीव वह्या आणल्या. मी हात पुढे केला, तेव्हा ‘तुझ्या तू आण’ म्हणून तिने त्या चारही कपाटात ठेवल्या.