मित्र ताऱ्याला सूर्याचा जुळा भाऊ म्हणणं मला पटत नाही

सातारकर
मे महिन्यात साताऱ्याबाहेरच्या एका पठारावर आकाशदर्शनाला गेलो होतो. रात्री अकराच्या सुमारास दक्षिणेला त्रिशंकू तारकासमूह, आणि त्याच्या डावीकडे दोन ठळक तारे. त्यातला डावीकडचा मित्र, म्हणजे अल्फा सेंटॉरी. आपल्याकडून तो क्षितिजावर जेमतेम साडेअकरा अंश चढतो. हात लांब करून मूठ धरली की तिच्या जरासाच वर. माहिती देणाऱ्यांनी मुलांना सांगितलं, "हा सूर्याचा जुळा भाऊ." घरी येईपर्यंत तेच डोक्यात घोळत होतं.

मुळात मित्र हा एक तारा नाहीच. 'ए' आणि 'बी' हे दोन तारे सुमारे 80 वर्षांत एकमेकांभोवती एक फेरी पुरी करतात. कधी त्यांच्यात सूर्य-शनीपेक्षा थोडंसंच जास्त अंतर असतं, तर कधी ते सूर्य-नेपच्यूनच्याही पुढे जातं. शिवाय दूरवर तिसरा, प्रॉक्सिमा. आपला सूर्य एकटा आहे, आणि आपली ग्रहमाला इतकी नीट लागली त्यात या एकटेपणाचा मोठा वाटा आहे असं मला वाटतं. जुळा म्हणायचंच तर तिमिंगल तारकासमूहातल्या टाऊ सेटीला म्हणा. 11.9 प्रकाशवर्षांवर, एकटा, शांत. सूर्याच्या जातीचा एकटा तारा याहून जवळ दुसरा नाही.

मीनल
दादा, एकटा आहे म्हणून सारखा, हे कसं? जुळे आहेत की नाहीत हे अंगावरून बघायचं, घरात माणसं किती यावरून नाही. मित्र 'ए'चा वर्णपट, म्हणजे त्याच्या प्रकाशाची रंगपट्टी, सूर्याच्याच वर्गातला, जी2. वस्तुमान सूर्याच्या 1.1 पट, त्रिज्या 1.2 पट, तेज दीडपट. पृष्ठभागाचं तापमान जवळपास तेच, 5800 केल्विनच्या आसपास.

आता तुमचा टाऊ सेटी घ्या. वस्तुमान सूर्याच्या 78 टक्के आणि तेज निम्मं. पृथ्वीएवढी ऊब हवी तर ग्रहाला शुक्राइतकं जवळ जावं लागेल, म्हणजे तिथलं वर्ष आठ महिन्यांचं. आणि मुख्य गोष्ट, त्याच्यात लोह सूर्याच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याएवढं. खडकाळ ग्रह ज्या मालातून घडतात तोच माल तिथे तुटपुंजा होता. वर त्याच्याभोवती धूळ आणि धूमकेतूंचा पसारा आपल्यापेक्षा दहापटीहून मोठा. तिथल्या ग्रहावर किती मारा होत असेल!

सातारकर
लोहाचा मुद्दा मान्य, तो मी विचारात घेतला नव्हता. पण 1960 साली खगोलशास्त्रज्ञ फ्रँक ड्रेक यांनी ग्रीन बँकच्या रेडिओ दुर्बिणीने परग्रहावरच्या हाका पहिल्यांदा ऐकायला घेतल्या, तेव्हा दोनच तारे निवडले: टाऊ सेटी आणि एप्सिलॉन एरिडानी. मित्र जवळ असूनही नाही.

मीनल
अहो, ग्रीन बँक अमेरिकेत, 38 अक्षांशावर. मित्र तिथे उगवतच नाही! न दिसणारा तारा निवडणार कसा?

तारकामंडळ
दोघांनाही विरोध. जुळा शब्द जपून वापरायचा तर वृश्चिकातला 18 क्रमांकाचा तारा बघा. साधारण 46 प्रकाशवर्षांवर, वस्तुमान आणि आकार सूर्याशी काही टक्क्यांच्या फरकाने जुळतात. अंधाऱ्या गावात नुसत्या डोळ्यांना कसाबसा दिसतो. जवळचा तो सारखा, अशी आपली सवय झाली आहे.

मुक्काम पुदुच्चेरी
नोकरीमुळे इथे राहते, म्हणून एक जोडते. मित्र हा जोडतारा आहे हे पहिल्यांदा याच गावातून दिसलं. डिसेंबर 1689 मध्ये रिशो नावाचे जेझुइट पाद्री इथून धूमकेतू बघत होते, तेव्हा दुर्बिणीत एकाच्या जागी दोन तारे उभे राहिले.

सातारकर, जोडीदार असला म्हणून ग्रहमाला बिघडलीच पाहिजे असं नाही. 'ए'च्या जवळच्या कक्षा टिकू शकतात असं गणित सांगतं. अवकाशातल्या वेब दुर्बिणीला ऑगस्ट 2024 मध्ये 'ए'शेजारी शनीएवढ्या वस्तुमानाच्या ग्रहासारखं काहीतरी दिसलं. 2025 च्या निरीक्षणांत ते सापडलं नाही, त्यामुळे खात्री नाही. पण खरंच असेल, तर त्याच्या एखाद्या चंद्रावरची रात्र डोळ्यांसमोर आणा. 'बी' सगळ्यात लांब असतानाही शंभराहून जास्त पौर्णिमांएवढा उजेड पडेल. खरा अंधार वर्षातले काही महिनेच.

सातारकर
ताई, तुम्ही माझंच म्हणणं पक्कं केलंत. ज्या आकाशात वर्षाचे कित्येक महिने रात्र काळी होत नाही, ते आपल्यासारखं आकाश नव्हे. वर्णपट जुळू दे, पण त्या सूर्याखाली उभं राहणाऱ्याचा दिवस आणि रात्र जुळत नाही. मला तारा तिथून मोजायचा आहे.

मीनल
मग तिथूनच बघू. मित्रावरून आपलं नेहमीचं आकाश जवळपास तसंच दिसेल. फक्त शर्मिष्ठा तारकासमूहात एक ठळक पिवळसर तारा जास्तीचा असेल, तो आपला सूर्य. टाऊ सेटीवरून तो भूतप तारकासमूहात असेल, तोही बेताच्याच तेजाचा. आणि सूर्यनमस्कार घालताना पहिलं नाव काय घेतो आपण? ॐ मित्राय नमः. ज्याने कुणी या ताऱ्याला हे नाव दिलं, त्याच्या मनात काय होतं माहीत नाही, पण मी माझ्या मुलीला दोन्ही मित्र दाखवणार, एक सकाळी अंगणात आणि एक मे महिन्यात दक्षिणेला.