२८ इंची दांडीच्या सायकलला मोटर किट: पुढे बसवू की मागे, आणि बॅटरी कोणती?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. २८ × १½ टायरची जुनी काळी दांडीची सायकल इलेक्ट्रिक करायची आहे. फ्रेम आणि चिमटा लोखंडी, कुठे गंज नाही की तडा नाही. दोन्हीकडे रॉड ब्रेक, कॉटर पिनचे क्रँक, मागे एकच फ्री-व्हील, पूर्ण चेनकव्हर. सांगली ते मिरज जाऊन-येऊन साधारण २२ किमी, एखाद्या पुलाचा चढ सोडला तर रस्ता सपाट. चालवणाऱ्याचं वजन ७२ किलो, शिवाय डबा आणि पिशवी.

दुकानात दोन पर्याय सांगितले. एक, ३६ व्होल्ट २५० वॅटची हब मोटर (चाकाच्या मधोमध, हबमध्येच असलेली), २६ इंची रिममध्ये विणलेल्या तयार चाकासकट. दुसरा, २४ व्होल्टची चेनवर चालणारी मोटर, जी मागच्या चाकाशेजारी पट्टीने बसते. बॅटरी म्हणून १२ व्होल्ट ७ एएचच्या (अँपिअर-तास) तीन लेड-ॲसिड घ्या, स्वस्तात काम होईल, असं म्हणतात. रॉड ब्रेक तसेच ठेवले तर चालतील का? मोटर पुढे बरी की मागे?

स्पोकपाना

हब मोटर घ्या आणि पुढे बसवा. मागच्या हब मोटरला चिमट्यात आतून १३५ मिमी जागा लागते. तुमच्या सायकलला मागे ११०-१२० च्या आसपास मिळेल. लोखंड फाकवता येतं, पण इतकं फाकवल्यावर चेनची रेषा हलते आणि चेनकव्हर घासायला लागतं. पुढच्या मोटरला १०० मिमी पुरतात. जुन्या चिमट्यात साधारण ९०-९५ निघतात, तेवढं दोन्ही पाय सारखे फाकवून सहज मिळतं. चिमटा ॲल्युमिनियमचा किंवा शॉकअपचा असता तर पुढे मोटर लावूच नका म्हटलं असतं. लोखंडी आहे म्हणून हे शक्य आहे.

दुकानातलं २६ इंची तयार चाक मात्र घेऊ नका. या सायकलींना पुढे ३२ आणि मागे ४० स्पोक असतात, हब मोटरला ३६ भोकं. म्हणजे तुमची मूळ रिम तशीही वापरता येणार नाही, आणि म्हणूनच दुकानदार एमटीबीची (माउंटन बाइकची) रिम पुढे करतोय. त्या रिमवर टायर बसतो तो व्यास ५५९ मिमी, तुमच्या रिमचा ६३५. ब्रेकच्या रबराला ३८ मिमी खाली रिम शोधावी लागेल आणि सायकल पुढून खाली बसेल. त्याऐवजी ३६ भोकांची ॲल्युमिनियमची डबल-वॉल ७००सी रिम घ्या. तिचा व्यास ६२२, म्हणजे त्रिज्येत फरक जेमतेम साडेसहा मिमी. त्यावर ७०० × ३८ टायर चढवला की सायकलची ठेवण जवळपास पहिल्यासारखीच राहते. स्पोक १३ गेजचे, आणि एक क्रॉसच (प्रत्येक स्पोक दुसऱ्याला एकदाच ओलांडेल असं) विणायला सांगा. मोटरची थाळी मोठी असल्यामुळे तीन क्रॉस विणल्यावर स्पोक रिममध्ये तिरका शिरतो आणि निपलपाशी तुटतो. चाक विणणाऱ्याला ही मोटरची सवय नसेल तर तो हमखास तीन क्रॉस विणतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, एक्सल. पुढच्या चाकाचा मूळ एक्सल ८ मिमीचा. मोटरचा १२ मिमीचा, दोन बाजूंनी घासून १० मिमी सपाट केलेला. त्यामुळे चिमट्याची खाच ८ ची १० करावी लागते. कानशीने दोन्ही भिंतींवरून एकेक मिमी काढा, ग्राइंडर लावू नका. सपाट बाजू खाचेत घट्ट सरकली पाहिजे, हाताने हलवल्यावर डगडग नको. खाचेच्या तळाला गोलाई ठेवा म्हणजे एक्सल पूर्ण वर जाऊन बसेल.

इतकी काळजी कशासाठी, ते सांगतो. मोटर चाकाला पुढे ढकलते तेव्हा एक्सलला तेवढ्याच जोराने उलटं फिरायचं असतं. सुरुवातीचा ३० न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) धरला तर १० मिमीच्या सपाट कडांवर सुमारे ३०० किलोचा जोर येतो. तो खाचेच्या भिंती हळूहळू उघडतो. एकदा खाच उघडली की एक्सल गरकन फिरतो, केबल पिळून तुटते, आणि पुढचं चाक खाली निघतं. हे चालत्या सायकलवर होतं. म्हणून टॉर्क आर्म हवाच, दोन्ही बाजूंना. ६ मिमी जाडीच्या लोखंडी पट्टीला १० मिमीची अचूक खाच, आणि दुसरं टोक चिमट्याच्या पायाला एक्सलपासून किमान १० सेंमी वर क्लॅम्पने आवळलेलं. तिथे तोच टॉर्क ३० किलोच्या जोराइतकाच उरतो. किटबरोबर येणारा कानवाला वायसर लावा, पण त्याला टॉर्क आर्म समजू नका. नट ३५-४० न्यूटन-मीटरला आवळायचे, पहिल्या ५० किमीनंतर पुन्हा तपासायचे.

ब्रेक. पुढचा रॉड ब्रेक निघणार, कारण तो रिमच्या आतल्या अंगाला खालून वर दाबतो आणि ७००सी रिमला तशी जागाच नसते. चिमट्याच्या माथ्याला मडगार्डचा बोल्ट जातो ते भोक आरपार आहे का पाहा. असेल तर तिथे लांब पायांचा कॅलिपर बसतो. भोकापासून रिमच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजून मगच कॅलिपर आणा. यात फायदाच आहे. क्रोम केलेली लोखंडी रिम पावसात ओली झाली की ब्रेक जवळजवळ लागत नाही, ॲल्युमिनियमची रिम बरीच बरी धरते. मागचा रॉड ब्रेक राहू द्या, त्याचे रबर तेवढे नवे घाला.

ब्रेक दाबल्यावर मोटर बंद पडली पाहिजे. पुढे कट-ऑफ लिव्हर येईल. मागे लिव्हर बदलायची गरज नाही, चिकटवायचा चुंबकी सेन्सर मिळतो. चुंबक रॉडवर, सेन्सर फ्रेमवर. रॉड सरळ रेषेत सरकत असल्यामुळे तो नीट लागतो.

मिलीओहम

लेड-ॲसिड नको. ७ एएच हा आकडा २० तासांच्या सावकाश वापराचा असतो. मोटर १२-१४ अँपिअर ओढते, तेव्हा त्यातले निम्मेच हाती लागतात. २५२ वॅट-तास कागदावर, प्रत्यक्षात सव्वाशे. सपाट रस्त्यावर पेडल मारत गेलात तरी किलोमीटरला १०-१२ वॅट-तास जातात. म्हणजे १०-१२ किमी, नव्या बॅटरीवर. रोज पूर्ण उतरवली की ती काही महिन्यांत बसते. वजन साडेसहा किलो ते वेगळंच.

तुम्हाला ३६ व्होल्ट १० एएच लिथियम-आयन पुरेल. १० सिरीज ४ पॅरलल (चार-चार सेल समांतर, असे दहा गट एकापुढे एक), २५०० एमएएचचे ४० सेल, ३६० वॅट-तास. २२ किमीला २६५ धरा, म्हणजे जवळपास पाव बॅटरी शिल्लक. कंट्रोलर (मोटरला करंट पुरवणारा डबा) १५ अँपिअरचा असेल तर बीएमएस (पॅकमधलं बॅटरी सांभाळणारं सर्किट) २० चा घ्या. एका सेलवर पावणेचार अँपिअर येतात, चांगल्या सेलला ते सहज झेपतं. लॅपटॉपमधून काढलेल्या सेलला झेपत नाही.

पॅक बनवून घेताना सेलचा मॉडेल नंबर विचारा आणि जोडणी निकेल पट्टीने स्पॉट वेल्ड केलेली हवी असं सांगा. सेलवर थेट सोल्डर केलं की आतला पडदा गरम होऊन खराब होतो, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. पॅक हातात आल्यावर एक चाचणी करा. पूर्ण चार्ज म्हणजे ४२ व्होल्ट. चढावर पूर्ण थ्रॉटल देऊन मीटर बघा. १५ अँपिअरला दीड-दोन व्होल्ट पडणं ठीक. चार पडले तर सेल तरी जुने आहेत किंवा कुठलं तरी वेल्ड सुटलंय, पॅक परत करा.

पॉझिटिव्ह वायरला बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ २५ अँपिअरचा फ्यूज. चार्जर ४२ व्होल्ट २ अँपिअर. उन्हातून आल्या आल्या चार्जिंगला लावू नका, अर्धा तास सावलीत निवू द्या. एप्रिल-मे महिन्यात तर हा नियम पाळाच. रात्रभर लावून झोपू नका. चार्ज होताना आजूबाजूला पडदे, गादी, कागद नकोत.

घाटवाट

चेनवाल्या मोटरबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. ती एमवाय१०१६झेड जातीची ब्रश मोटर. आत गिअर, बाहेर ९ दात्यांचं चाक. ताकद चांगली आणि दुरुस्ती सोपी, कार्बन बदलले की झालं. पण मागच्या चाकाच्या डाव्या बाजूला दुसरं फ्री-व्हील लागतं, आणि तिथेच बहुतेकांचं अडतं. नेहमीचे उजवे आटे डाव्या बाजूला लावले तर मोटरचा जोर त्यांना सोडवण्याच्या दिशेने पडतो. साधं फ्री-व्हील उलटं लावलं तर ते पुढच्या दिशेला नुसतंच फिरतं. डाव्या आट्यांचा हब आणि त्याचंच फ्री-व्हील मिळालं तरच त्या वाटेला जा. आवाजही बराच येतो.

चढाचा हिशेब: तुम्ही, सायकल, मोटर, बॅटरी मिळून १०० किलो. ५ टक्के चढावर ताशी १५ ने जायला चाकाशी सुमारे २५० वॅट लागतात. पुलाला हे पुरेल, थोडं पेडल मारलंत तर आरामात. १० टक्क्यांवर तेवढ्याच ताकदीत वेग ८ वर येतो, मोटर तापते आणि आतले नायलॉनचे गिअर झिजतात. सांगली-मिरजेला हा प्रश्न नाही. हीच सायकल कोणी आंबा घाटात नेणार असेल तर वेगळी मोटर लागेल.

मोटर मागवताना वॅटबरोबर आरपीएमही विचारा. ७०० × ३८ चाकाला ताशी २५ साठी मिनिटाला साधारण १९० फेरे पुरतात. ३०० च्या पुढची मोटर घेतली तर वेग दिसतो, पण सुरुवातीचा जोर जातो आणि ती जास्त करंट ओढते.

नियमांचंही बघा. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम २(यू) प्रमाणे ताकद ०.२५ किलोवॅटच्या आत, वेग २५ च्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत असेल तरच ते मोटार वाहन धरत नाहीत. चाचणी संस्थेच्या मान्यतेचीही अट त्यात आहे, तेव्हा विक्रेत्याकडे प्रमाणपत्र मागा. कंट्रोलरला वेगमर्यादेची वायर असते, ती जोडलेलीच राहू द्या.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. पुढे ७००सी रिम, टॉर्क आर्म दोन्हीकडे, लिथियम पॅक, सगळं सांगितल्याप्रमाणे बसवलं. दोन गोष्टी अडल्यात. थ्रॉटल दिलं की चाक जागच्या जागी थरथरतं, फिरत नाही. आणि पेडल सेन्सरची (पेडल फिरतंय हे ओळखणाऱ्या सेन्सरची) चुंबकांची चकती क्रँक न काढता बसत नाही.

मिलीओहम

थरथर म्हणजे बहुधा हॉल (मोटरची स्थिती सांगणाऱ्या सेन्सरच्या बारीक) आणि फेज (मोटरला करंट देणाऱ्या जाड) वायरींची जुळणी चुकली आहे. मोटर आणि कंट्रोलर वेगवेगळ्या ठिकाणचे असले की पिवळ्याला पिवळी जोडूनही असं होतं. कंट्रोलरला सेल्फ-लर्निंगची वायर असेल (बहुतेकदा पांढरी, एकाच रंगाची दोन टोकं), तर चाक उचलून ती जोडा. मोटर आपोआप फिरेल. उलटी फिरली तर वायर सोडून पुन्हा जोडा, सरळ फिरू लागली की कायमची सोडवा. ही सोय नसेल तर हॉलच्या तशाच ठेवून तीन जाड फेज वायरींच्या सहा जुळण्या एकेक करून बघा. चाक हवेत, थ्रॉटल अगदी थोडं. बरोबर जुळणीत मोटर शांत फिरते आणि रिकामी असताना एखादाच अँपिअर घेते. तीन-चार घेत असेल तर फिरत असूनही जुळणी चूक आहे.

त्याआधी हॉल कनेक्टरच्या पिना एकदा पाहा. एखादी मागे सरकलेली असली तरी नेमकं हेच होतं.

थ्रॉटलच्या काळ्या वायरचं क्रिम्प ओढून बघा. ती सुटली की सिग्नल थेट वर चढतो आणि काही कंट्रोलर त्याला पूर्ण थ्रॉटल समजून सायकल पळवतात.

स्पोकपाना

चकती दोन भागांत उघडणारी मिळते, तीच घ्या. डाव्या बाजूला क्रँक आणि कप यांच्यामध्ये बसेल, उजवीकडे चेनकव्हर आड येतं. सेन्सर आणि चुंबकात २-३ मिमी अंतर ठेवा. पेडल पुढे मारल्यावर काहीच झालं नाही आणि मागे मारल्यावर मोटर चालू झाली, तर चकती उलटी बसली आहे, पालटून लावा. कॉटर पिन काढायचीच वेळ आली तर नट पूर्ण काढू नका. तो पिनेच्या टोकाशी आणून त्यावर ठोका, म्हणजे आटे फुटत नाहीत, आणि क्रँकखाली लोखंडी नळीचा आधार द्या, नाहीतर मार छर्‍यांवर बसतो.

मोटरची केबल एक्सलमधून बाहेर येते तिथे ती आधी खाली वळवून मग चिमट्यावर चढवा. पावसाचं पाणी वळणाच्या तळाशी गळून जातं. सरळ वर नेली तर तेच पाणी केबलवरून उतरत एक्सलच्या भोकातून हॉल सेन्सरपर्यंत पोचतं. कंट्रोलरही वायरी खाली तोंड करूनच बसवा.