मदत हवी आहे: अमेरिकेच्या इतिहासातील सनावळ्या मुलांच्या लक्षात कशा राहतील?

नमस्कार. मी न्यू जर्सीत आठवीच्या मुलांना अमेरिकेचा इतिहास शिकवते. १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा त्यांना पाठ असतो. परंतु १७८७ ची राज्यघटना आणि १७८९ मधील वॉशिंग्टन यांचा शपथविधी यांचा क्रम हमखास उलटतो. राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी १८६३ मधील गेटिसबर्गच्या भाषणाची सुरुवात ‘सत्त्याऐंशी वर्षांपूर्वी’ अशा अर्थाच्या शब्दांनी केली होती, म्हणून मी १८६३ मधून ८७ वजा करायला लावले, तेव्हा १७७६ आणि १८६३ ही दोन्ही साले मुलांच्या मनात एकमेकांशी पक्की जोडली गेली. मला अशाच अर्थपूर्ण दुव्यांची गरज आहे, कारण नुसती घोकंपट्टी परीक्षेनंतर टिकत नाही. गुलामगिरी संपवणाऱ्या १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीपासून स्त्रियांच्या मताधिकाराच्या १९२० च्या एकोणिसाव्या दुरुस्तीपर्यंतचा काळ आपण कसा शिकवता, हे अनुभवी शिक्षकांनी कृपया सविस्तर सांगावे.