हेडविग नावाच्या डॉक्टरबद्दल कुणाला माहिती आहे का?

सदाशिवपेठी
बाबांनी भोरकडे तीस वर्षं दवाखाना चालवला, आता पुण्यात आमच्याकडे असतात. पाऊस लागला की गच्चीच्या कठड्यावरचं मॉस भिंगातून बघत बसतात, आई त्याला शेवाळ म्हणते आणि घासायला ब्रश घेऊन येते. परवा बॉटनीच्या जुन्या पुस्तकात फ्युनारिया हायग्रोमेट्रिका या मॉसच्या नावापुढे 'हेडव.' असं नाव देणाऱ्याचं संक्षिप्त नाव दिसलं. बाबा म्हणाले, हा हेडविग, हाही डॉक्टरच होता. पुढचं त्यांना आठवेना. प्रॅक्टिस सांभाळून केला का त्याने मॉसचा अभ्यास, की सोडून?

वनस्पतीवेडी
सांभाळूनच! योहान हेडविग, जन्म १७३०, ट्रान्सिल्व्हेनियातला, गाव म्हणजे आताचं रोमानियातलं ब्राशोव. जर्मनीत लाइपझिगला शिकला आणि मग तिथल्याच केमनित्सला वीसेक वर्षं पेशंट तपासले. सकाळी कामाआधी मॉस गोळा करायचं, संध्याकाळी ते मायक्रोस्कोपखाली बघायचं. तोवर वनस्पतींना शास्त्रीय नावं देणारा लिनियससुद्धा मॉसच्या देठाच्या टोकावरच्या बोंडालाच परागकोश समजायचा, आतली पूड म्हणजे पराग. हेडविगने खरे नर आणि मादी अवयव शोधले, ते इवलेसे पानांच्या झुबक्यात दडलेले असतात, आणि ती पूड रुजताना बघून ते बीजाणू आहेत हे दाखवलं. किती चिकाटी लागली असेल! लाइपझिगला प्रोफेसर झाला तो १७८९ मध्ये, साठीच्या तोंडावर. १७९९ ला गेला, मोठा ग्रंथ १८०१ मध्ये निघाला आणि स्फॅग्नम नावाचं मॉस सोडलं तर मॉसची अधिकृत नावं आजही त्या ग्रंथापासूनच धरतात.

मुळशीकर
मी मुळशीत प्रॅक्टिस करतो, दिवसभर पेशंट बघून रात्री परत डोळा बारीक करून बसायला काय लागतं ते मला चांगलं माहितीये. काकांना माझा नमस्कार सांगा. फ्युनारियाचा वाळलेला देठ पिळलेला असतो, त्यावर हळूच श्वास सोडायला सांगा, दमटपणा लागला की पीळ सुटतो आणि बोंड गोल फिरतं, हायग्रोमेट्रिका हे नाव त्यावरूनच आलंय. आणि नमुने दाबून चिकटवू नका, वाळवून कागदाच्या पाकिटात ठेवा, नंतर पाणी शिंपडलं की पानं पुन्हा उघडतात.

सदाशिवपेठी
दोघांचेही मनापासून आभार. बाबांना सगळं वाचून दाखवलं, "संध्याकाळी बघायचं" हे वाक्य त्यांनी दोनदा वाचायला लावलं. सध्या कठड्यावर सगळं ओलंचिंब आहे म्हणून एक देठ टेबललॅम्पखाली वाळत घातलाय. आईने तो कोपरा घासायचा नाही असं कबूल केलंय.