तुमची कोणती सवय टिकली, आणि कशी?

मोठ्या उत्साहाने धरलेले नेम नव्याचे नऊ दिवस कसे टिकतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. मला ऐकायचंय ते टिकलेल्या सवयींबद्दल. सवय अगदी बारीकशी असली तरी लिहा. फक्त ती कशाला जोडलीत आणि खाडा पडला तेव्हा काय केलंत, हे जरूर सांगा.

सुरुवात माझ्यापासून. रोज रात्री रोजनिशीत एक ओळ. आधी पानभर लिहायचा नेम होता, तो तीनदा मोडला. आता सकाळी अंथरूण आवरतानाच वही उशीवर ठेवते. रात्री आडवं व्हायचं तर ती उचलावीच लागते, आणि हातात आली की ओळ लिहून होते. "दिवसभर पाऊस. आईशी बोलले." कधीकधी एवढंच. चार वर्षं झाली.

*

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर व्यायामाचा भला मोठा कागद मिळाला होता. अर्धा तास काही केल्या निघेना. शेवटी फिजिओथेरपिस्टलाच विचारलं, यातला एकच करायचा तर कोणता? गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी घ्यायची, ती खाली दाबायची, पाच मोजेपर्यंत धरायचं, सोडायचं. दहा वेळा. पलंगावरून उतरायच्या आधी तेवढंच करायचं ठरवलं. गुंडाळी रात्रीच पायाशी ठेवायचो. सुरुवातीला रोज आठवण करावी लागायची. मग एका सकाळी लक्षात आलं, गजर बंद करायला हात जातोय तोवर गुडघा दाबायला लागलासुद्धा! बाकीचे व्यायाम त्याच्या मागोमाग आले.

*

एकवीस दिवसांत सवय लागते, हे गणित डोक्यातून काढून टाका, ही कळकळीची विनंती. बाविसाव्या दिवशीही चालायला जायचा कंटाळा आला, म्हणून आपल्यातच काहीतरी कमी आहे असं समजून मी चालणं सोडलं होतं. १९६० साली मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनने लिहिलं होतं, की बदललेला चेहरा आपलासा वाटायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात. पुढे त्यातला 'किमान' गळला आणि चेहऱ्याचा हिशेब सगळ्याच सवयींना लागला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना १२ आठवडे रोज एक नवी गोष्ट करायला सांगितली. २०१० साली छापून आलेल्या त्या अभ्यासात गोष्ट अंगवळणी पडायचा मधला आकडा ६६ दिवस निघाला. कुणाला १८ पुरले, तर कुणाचा अंदाज २५४ पर्यंत गेला. एखाद्या दिवसाच्या खाड्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. हे मला तेव्हा कुणीतरी सांगायला हवं होतं.

*

वडिलांची रक्तदाबाची गोळी. सात खणांची डबी टूथब्रशशेजारी ठेवली. खण रिकामा म्हणजे घेतली. "घेतलीत का?" हा प्रश्न आणि त्यावरून होणारी चिडचिड, दोन्ही थांबलं.

*

माझी सवय दीड वर्ष टिकून मग सुटली. रात्री जेवण झालं की पुस्तकाची दोन पानं. रात्रपाळी लागली, जेवणाची वेळ गेली आणि पाठोपाठ वाचन गेलं. मला वाटलं, वाचायची ओढच संपली. दोन महिने पुस्तकाकडे बघवत नव्हतं. मग मैत्रिणीने विचारलं, "पाळी कुठलीही असो, न चुकता काय करतेस?" घरी येऊन बूट काढते! दाराजवळच्या स्टुलावर आता पुस्तक असतं. ते उचलल्याशिवाय बसता येत नाही. परवा एक मोजा पायात, एक हातात, अशी चाळीस पानं वाचून झाली. तरी दुसऱ्या दिवशीचा नेम दोनच पानांचा. तो वाढवायचा मोह मी निग्रहाने आवरते.

*

माझं अजून जमलेलं नाही, तरी लिहितो. दिवसभर बसून काम, मान आखडते. दर तासाला उठायचं ठरवतो आणि कामात राहून जातं. स्टुलाचं वाचून काल मोठी पाण्याची बाटली टेबलावरून हलवली, लहान पेला ठेवला. तो रिकामा झाला की उठणं आलंच. आज पाच वेळा उठलो. दोन महिन्यांनी पुन्हा लिहितो.