बेनिंग्टनचं टेकडीवरचं चर्च

ताई: कालचे फोटो टाकलेत. अमेरिकेत व्हरमाँटमधल्या बेनिंग्टनचं फर्स्ट काँग्रिगेशनल चर्च, जुन्या वस्तीत टेकडीवर आहे. आई, तू विचारलंस ना, हो, लाकडीच आहे. 1805 मध्ये लव्हियस फिलमोरने बांधलं. आतले सहा खांब बघा, एकेक खांब म्हणजे पाइनचा अख्खा बुंधा. मी हात लावून बघितला, कुठे सांधा लागत नाही.

मामा: क्रॉस, मूर्ती काही दिसेना कुठे?

ताई: प्युरिटन वळणाची, म्हणजे साध्या उपासनेच्या जुन्या प्रोटेस्टंट पंथाची माणसं, मामा. सगळा भर प्रवचनावर. वर बिशप नाही, पाळक, म्हणजे धर्मगुरू, कोण नेमायचा ते मंडळीच, म्हणजे चर्चच्या सभासदांची संगतच, ठरवते. ही मंडळी तर इमारतीच्याही आधीची, 1762 ची.

मावशी: बाकांना दारं कशाला गं?

ताई: थंडीसाठी, मावशी. तेव्हा अशा चर्चमध्ये शेगडीसुद्धा नसायची. लोक पायाशी निखाऱ्यांची पेटी घेऊन बसायचे, दार लावलं की ऊब आतच राहायची. मधल्या काळात हे कप्पे काढून साधे बाक टाकले होते. 1937 मध्ये पुन्हा पहिल्यासारखे करून घेतले. मला त्या लोकांचं फार कौतुक वाटतं. आपल्याकडे जुने वाडे पडताना बघून जीव तुटतो.

मामा: याचं नगरशी नातं आहे बरं का! 1 जानेवारी 1806 ला या चर्चचं अर्पण झालं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, तिथून जवळच विल्यम्सटाउनला, पाच कॉलेजची पोरं वादळी पावसात गवताच्या गंजीच्या आडोशाला प्रार्थनेला बसली. त्यातून 1810 मध्ये अमेरिकन बोर्ड, म्हणजे परदेशात मिशनरी पाठवणारी संस्था, निघालं. त्याच कॉलेजचा गॉर्डन हॉल 1813 मध्ये मुंबईत उतरला, आणि 1831 मध्ये बोर्डाचं मिशन आपल्या नगरला आलं. रेव्हरंड टिळक पुढे त्याच मिशनमध्ये होते.

आई: अगंबाई! आजी मिशनच्याच शाळेत शिकली.

ताई: मामा, हे मला माहीतच नव्हतं! मागे दफनभूमी आहे, कवी रॉबर्ट फ्रॉस्टची समाधी तिथेच. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या 1777 च्या लढाईतले सैनिकही तिथे आहेत, इंग्रजांकडून लढलेले जर्मनसुद्धा.

मावशी: शत्रूलाही जागा दिली, मोठं मन हो त्यांचं. रविवारी प्रार्थना होते का अजून?

ताई: होते की. पुढच्या वेळी रविवारीच जाऊ. आई, आजीच्या शाळेचा फोटो असेल तर टाक ना.